दीर्घ लेख कानांनी वाचायचे तर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बदलापूरहून दादरला नोकरीसाठी ये-जा करते. रोजचे अडीच तास लोकलमध्ये जातात. गेली काही वर्षं त्यातला बराचसा वेळ मोठमोठे लेख ऐकण्यात जातो, आणि घरी आल्यावर दृष्टी अधू झालेल्या बाबांना मी लेख वाचून दाखवते किंवा रेकॉर्ड करून ठेवते. ऑफिसातल्या मैत्रिणी, नात्यातली मंडळी, बिल्डिंगच्या ग्रुपवरचे काका-काकू फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळले, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते आहे.

‘लाँगफॉर्म’ म्हणजे नक्की काय? बातम्या ऐकतो तेच ना?

नाही. बातमी सांगते काल काय झालं. दीर्घ लेख त्या ‘काल’च्या मागे जातो. वार्ताहर एखाद्या गावात, कारखान्यात, कोर्टात महिनोन्‌महिने खेपा घालतो, कागदपत्रं चाळतो, माणसांशी पुन्हा पुन्हा बोलतो आणि मग चार-पाच हजार शब्दांपासून पंधरा हजारांपर्यंत लिहितो.

नाव इंग्रजी आहे म्हणून बिचकायचं कारण नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस वर्षातून एकदा तरी लांबलचक मजकुराशी मांडी ठोकून बसत आला आहे. दिवाळी अंकातले रिपोर्ताज, साप्ताहिकांतले प्रदीर्घ लेख हे सगळं त्यातच येतं. फरक इतकाच, की आपण ते फराळाच्या ताटाशेजारी ठेवून डोळ्यांनी वाचत आलो. इथे विषय कानांचा आहे.

मग हे आणि पॉडकास्ट एकच का?

या प्रश्नावर जरा वेळ काढते, कारण सगळा गोंधळ इथेच होतो.

पॉडकास्ट हा डबा आहे. त्यात लाडू आहेत की चिवडा, ते उघडल्यावर कळतं. दोन माणसं दोन माइक घेऊन दोन तास गप्पा मारतात तेही पॉडकास्टच. छान असतं कधीकधी, पण त्याला पत्रकारिता म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाहुणा बोलला ते खरं की खोटं, हे तपासायला कुणी कुठे गेलेलं नसतं.

आपल्या कामाच्या गोष्टी तीन. पहिली, छापलेला लेख माणसाने जसाच्या तसा वाचलेला. दुसरी, तोच लेख यंत्राने वाचलेला. आणि तिसरी, मुळातच कानांसाठी शोधून, रेकॉर्ड करून रचलेली दीर्घ बातमीकथा. तिसरी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खर्चिक.

तिसरीचं एक उदाहरण सांगते. ‘इन द डार्क’ नावाच्या अमेरिकन पॉडकास्ट मालिकेचा दुसरा सीझन २०१८ मध्ये आला. मिसिसिपी राज्यातल्या विनोना नावाच्या छोट्या गावात १९९६ साली फर्निचरच्या दुकानात चार जणांचे खून झाले. कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय माणसावर त्यासाठी एकाच सरकारी वकिलाने एकदा नाही, सहा वेळा खटला चालवला. वार्ताहरांची टोळी मिसिसिपीत जाऊन राहिली. साक्षीदारांना शोधून काढलं, आणि कोर्टांच्या तळघरांत, माळ्यांवर पडलेली दप्तरं उचकून तो वकील ज्यूरी, म्हणजे खटल्याचा निकाल देणारे सामान्य नागरिक, निवडताना कृष्णवर्णीयांना किती प्रमाणात वगळतो याचा वर्षानुवर्षांचा हिशेब मांडला. गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास साडेचारपट, असं निघालं. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली आणि सप्टेंबर २०२० मध्ये खटलाच मागे घेतला गेला.

हे सगळं छापूनही वाचता आलं असतं. पण एखादा साक्षीदार ‘हो, मी पाहिलं’ म्हणण्याआधी किती वेळ गप्प राहतो, हे कागदावर कसं दाखवणार? लेखक फार तर ‘तो थबकला’ असं लिहील. कानाला ती शांतता स्वतः मोजता येते. म्हणून या जातीच्या कामाला वेगळी किंमत आहे. अमेरिकेतल्या पत्रकारितेच्या पुलित्झर पुरस्कारांनीही २०२० पासून श्राव्य पत्रकारितेसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. पहिला मान ‘धिस अमेरिकन लाइफ’ या रेडिओ कार्यक्रमाच्या एका भागाला मिळाला. २०२५ मध्ये ‘इन द डार्क’ला मिळाला, तोवर ती मालिका ‘द न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकाकडे गेली होती.

एक लेख ऐकायला किती वेळ लागतो?

इंग्रजी निवेदक मिनिटाला साधारण दीडशे शब्द वाचतो. म्हणजे नऊ हजार शब्दांचा लेख एका तासाचा. मराठीत हे गणित लागू करू नका. आपण विभक्ती प्रत्यय शब्दालाच चिकटवतो, त्यामुळे शब्द लांब आणि संख्येने कमी. ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द आहे. मी घड्याळ लावून मोजलं तर माझा वेग मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास निघाला. पाच हजार शब्दांचा दिवाळी अंकातला लेख मला पाऊण तास घेतो. बदलापूरला बसले तर घाटकोपरच्या अलीकडे संपतो.

ऐकलेलं डोक्यात राहतं का? वाचल्याइतकं?

बाबांनीही हेच विचारलं होतं, वेगळ्या शब्दांत: “हे म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेलं खाणं नाही का गं?”

संशोधन दोन्हीकडे बोलतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात २०१९ मध्ये नऊ जणांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या, एकदा वाचायला दिल्या आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. अर्थ लावताना मेंदूत जे नकाशे उमटले ते दोन्ही वेळा जवळजवळ सारखे होते. २०१६च्या एका अभ्यासात वाचणारे, ऐकणारे आणि दोन्ही एकदम करणारे अशा तीन गटांत समजण्याच्या बाबतीत फारसा फरक आढळला नाही. पण २०१० साली अमेरिकेतच कॉलेजच्या मुलांना अभ्यासाचा लेख एका गटाला वाचायला आणि एका गटाला ऐकायला दिला, तेव्हा परीक्षेत ऐकणारे मागे पडले.

माझ्या मते यात विसंगती नाही. गोष्ट असेल तर कान पुरतो. अभ्यास असेल तर डोळे मागे वळून तीच ओळ तीनदा वाचतात, ती सोय कानाला नाही. बोटाने पंधरा सेकंद मागे जाता येतं, पण गर्दीत एका हाताने दांडी धरलेली असताना कोण जातं?

कोणते लेख ऐकावेत आणि कोणते वाचावेत?

पहिले दोन परिच्छेद डोळ्यांनी वाचा. त्यात माणूस आहे, जागा आहे, काहीतरी घडतंय असं असेल तर खुशाल कानात घाला. गुन्ह्याचा तपास, एखाद्या नदीची, आजाराची, कंपनीच्या पडझडीची हकिगत, व्यक्तिचित्र, प्रवास हे ऐकायला उत्तम.

अर्थसंकल्पाचं विश्लेषण, आरक्षणाच्या निकालाचा कीस, तक्ते असलेलं काहीही वाचाच. कानावर पडलेली तिसरी टक्केवारी पहिलीला ढकलून देते.

आणखी एक अडचण नावांची. रशियन किंवा कोरियन सहा नावं पहिल्या पाच मिनिटांत आली की आपण सगळ्यांना ‘तो दुसरा’ म्हणायला लागतो. अशा वेळी मी मूळ लेख उघडून नावांवरून नुसती नजर फिरवते आणि मग ऐकते. खूप फरक पडतो.

इंग्रजीत सुरुवात कुठून करू?

फुकट आणि भरवशाचं म्हणजे ‘द गार्डियन’चं ‘ऑडिओ लाँग रीड’. त्यांचा दीर्घ लेखांचा विभाग २०१४ पासून आहे आणि त्यातले निवडक लेख वाचून पॉडकास्टच्या रूपात देतात. निवेदक सावकाश, स्पष्ट वाचतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना मी हेच सुचवते.

‘द इकॉनॉमिस्ट’ वर्गणीदारांना अख्खा अंक वाचून देतं, शब्दन्‌शब्द. पण त्यातले बहुतेक लेख आखूड आणि घट्ट, एका मागोमाग एक ऐकले की कान दुखतो.

‘ऑडम’ नावाचं एक सुंदर अ‍ॅप होतं. ‘द अटलांटिक’, ‘द न्यू यॉर्कर’ अशा नियतकालिकांचे लेख व्यावसायिक निवेदकांकडून वाचून घ्यायचे, एवढाच त्यांचा धंदा. मार्च २०२० मध्ये ‘द न्यू यॉर्क टाइम्स’ने ते विकत घेतलं, २०२३ मध्ये स्वतःचं ऑडिओ अ‍ॅप काढलं आणि ऑडम बंद झालं. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की रुजली. आज बऱ्याच इंग्रजी मासिकांच्या लेखावर मथळ्याखालीच ‘ऐका’ असं बटण असतं. वेगळं अ‍ॅप शोधण्याआधी ते बटण शोधा. आणि ते दाबल्यावर पहिल्या वाक्यात निवेदकाचं नाव सांगतात का ते ऐका. नाव नसेल तर बहुधा यंत्र आहे.

इंग्रजी वाचता येतं पण ऐकताना सुटतं. काय करू?

वेग थोडा कमी करा, लाज वाटू देऊ नका. आणि भारताबद्दलचा लेख आधी निवडा. मुंबईच्या पाण्यावरचा किंवा उसाच्या शेतीवरचा लेख परक्या उच्चारातही कळतो, कारण पुढचा शब्द काय येणार ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. निवेदक ‘सांगली’चं ‘सँग्ली’ करतो ते सोडून द्यायचं.

मराठीत काय आहे?

खरं सांगायचं तर, थोडं आहे. आणि या ‘थोडं’चा मला राग येतो.

बीबीसी मराठीची ‘गोष्ट दुनियेची’ ही मालिका जगातल्या एखाद्या प्रश्नावर जरा खोलात जाऊन बोलते. त्यांचीच ‘सोपी गोष्ट’ आखूड आहे. दोन्ही फुकट. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं अ‍ॅप २०१७च्या अखेरीस भारतात आलं आणि मराठी माणूस पैसे मोजून ऐकतो हे त्याने सिद्ध केलं. पण तिथे पुस्तकं, त्यातही कथा-कादंबऱ्यांचा जोर. पत्रकारिता शोधायला गेलात तर निवडून काढावी लागते.

पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ मराठीतही वाचता येतं, आणि तिथे एक खजिना आहे ज्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही: जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी कार्यकर्त्यांच्या साथीने गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या लाखाहून अधिक ओव्या, त्यातल्या हजारो ध्वनिमुद्रित. पारीने त्या २०१७ पासून एकेक करून लोकांसमोर आणल्या, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तिची हकिगत यांच्यासकट. ऊस, सासर, आंबेडकर, दुष्काळ, नवऱ्याची दारू, सगळं त्यात आहे. वार्ताहर पोचायच्या कितीतरी आधी बायका हे सगळं एकमेकींना सांगत होत्या. लेख वाचत वाचत ओवी लावा आणि डोळे मिटा.

बाकी रेडिओकडून आशा ठेवू नका. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. त्यामुळे इतक्या वर्षांत एफएमवर गाणी, गप्पा, ट्रॅफिक यांत तरबेज झालेली माणसं तयार झाली, पण कानांसाठी बातमी शोधणारा मराठी वार्ताहर घडायला शाळाच नव्हती.

दिवाळी अंकांचं काय, असं तुम्ही विचाराल. दर वर्षी इतके अंक निघतात, त्यात उत्तम लेख असतात आणि पुढच्या दिवाळीत रद्दीत जातात. ते वाचून घ्यायचे तर निवेदक, स्टुडिओ, संपादन हा खर्च आला. शिवाय लेखकाने मजकूर दिलेला असतो तो छापण्यासाठी, आवाजाचे हक्क ही गोष्ट बोलण्यातच आलेली नसते. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण एका अंकातला एक लेख, तोही लेखकाच्याच आवाजात, एवढं तर जमण्यासारखं आहे.

यंत्राकडून मराठी वाचून घेता येतं का?

येतं. पूर्वीपेक्षा खूपच बरं येतं. संगणकावर एज ब्राउझरमध्ये लेख उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकदम दाबा. आवाजांच्या यादीत मराठीचे दोन आहेत, आरोही आणि मनोहर. अँड्रॉइड फोनवर गूगलचा मराठी आवाज आहे.

आता अडचणी. मी बाबांसाठी पहिल्यांदा आरोहीला १९७२च्या दुष्काळावरचा एक लेख वाचायला लावला. ‘एक हजार नऊशे बाहत्तर च्या दुष्काळात’ अशी सुरुवात झाली. ‘एकोणीसशे बाहत्तर’ असं आपण म्हणतो, हे तिला कोण सांगणार? मग ‘डॉ.’ला पूर्णविराम समजून थांबली. ‘चारा छावणी’तला चारा ‘चार माणसं’मधल्या चारसारखा वाचला. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते दिसत नाहीत. ‘जरा थांब’मधला जरा वेगळा आणि म्हातारपणाची जरा वेगळी. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ सारखा नाही. आपण हे आईच्या मांडीवर शिकतो, यंत्र कधी बरोबर ओळखतं, कधी हिंदीच्या वळणावर जातं.

सगळ्यात वाईट म्हणजे लेखात नेमक्या हळव्या जागी, एका शेतकऱ्याच्या बायकोचं बोलणं चालू असताना, आरोहीने त्याच सुरात वाचलं: “हेही वाचा. केस गळतीवर पाच घरगुती उपाय.” बाबा हसले. मग म्हणाले, “अगं, ही बाई श्वासच घेत नाही.”

ते खरंच होतं. वाक्य संपलं की ठरावीक थांबा, परिच्छेद संपला की ठरावीक थांबा. मरणाच्या बातमीनंतर आणि धरणाच्या उंचीनंतर तेवढाच.

या अडचणींवर काही उपाय आहेत का?

थोडे आहेत. ‘हेही वाचा’ टाळायला एजमध्ये एफ-९ दाबा, नुसता मजकूर उरतो, मग वाचायला लावा. महत्त्वाचा लेख असेल तर मी मजकूर आधी साध्या फाइलमध्ये घेते आणि सालं अक्षरांत लिहिते, ‘डॉ.’चं ‘डॉक्टर’, ‘कि.मी.’चं ‘किलोमीटर’ करते. दहा मिनिटांचं काम आहे, ऐकणाऱ्याचा वैताग वाचतो.

दिवाळी अंकाची जुनी पीडीएफ असेल तर मात्र वेगळीच गंमत. त्यातला मजकूर बहुधा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असतो. स्क्रीनवर स्वच्छ मराठी दिसतं, कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा येतो, आणि यंत्र इमाने-इतबारे तो कचरा वाचतं. अशा पानाचा फोटो काढून गूगल लेन्सने मजकूर उचला. जोडाक्षरं आणि रफार एकदा तपासून घ्या.

घरात कुणाची दृष्टी गेली आहे किंवा कमी झाली आहे. काय सोयी आहेत?

अँड्रॉइड फोनमध्येच टॉकबॅक नावाची सोय असते, ती सुरू केली की बोट लावलेलं सगळं बोलून दाखवते. शिकायला पंधरा दिवस लागतात आणि पहिले तीन दिवस फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. तिथे कुणीतरी शेजारी बसायला हवं.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार जणांना माहीत नसतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर भारताच्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी मजकूर ऐकण्याजोग्या किंवा इतर सुलभ रूपात आणायला मुभा आहे. याच विषयावरचा जागतिक करार २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश इथे झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, जून २०१४ मध्ये. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. छापील मजकूर वाचता येत नसल्याचा दाखला देऊन सदस्य होता येतं. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं बोलक्या पुस्तकांचं काम तर कित्येक वर्षांचं आहे.

एक सूचना स्वानुभवातून. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही चार वर्षं जात होतो. थेंब, इंजेक्शनं, फी सगळं झालं, पण ‘आता हे ऐकायला सुरुवात करा’ असं तिथे एकदाही कुणी म्हणालं नाही. बाबा दोन वर्षं वर्तमानपत्र हातात धरून नुसते बसत. तुम्ही डॉक्टरांच्या सांगण्याची वाट पाहू नका.

स्वतः वाचून रेकॉर्ड केलं तर?

कराच. कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर बसा, आत टांगलेले कपडे आवाजाचा घुमारा खातात. नाहीतर अंगावर गोधडी घ्या. उन्हाळ्यात नको, मी केलंय. पंखा बंद. फोन तोंडासमोर धरू नका, जरा बाजूला, वीतभर अंतरावर ठेवा, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ फटाक्यासारखे फुटतात. पाणी जवळ. वाचायच्या आधी एकदा मनात वाचून श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीने रेघ मारा. लांब वाक्यात रेघ नसेल तर तुम्ही क्रियापदाच्या आधीच संपता, आणि मराठीत सगळा अर्थ क्रियापदात असतो.

कुणाचं बोलणं अवतरणात असेल तर नाटक करू नका. आवाज किंचित बदलला तरी पुरे. मी एकदा आजीबाईंच्या तोंडची वाक्यं आजीबाईंच्या आवाजात वाचली. बाबा म्हणाले, “तू वाच. त्या त्यांचं बघतील.”

चुकलं तर थांबू नका. टाळी वाजवा, वाक्य पहिल्यापासून घ्या. नंतर कापताना टाळीची उंच रेघ लगेच दिसते.

ते रेकॉर्डिंग ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकलं तर चालेल ना?

नाही. घरच्या माणसाला ऐकवणं वेगळं आणि दुसऱ्याचा लेख जगाला वाटणं वेगळं. आधी लेखकाला किंवा संपादकाला विचारा. मराठीत लेखक सहसा आनंदाने हो म्हणतात, पण विचारायला हवं.

वेग किती ठेवावा?

सव्वापट, माझ्यासाठी. दुप्पट वेगाने ऐकणारे लोक ‘महिन्यात इतके लेख संपवले’ असं सांगतात. संपवायला ते काय बिल आहे? मुळात कानांसाठी रचलेलं काम असेल तर वेग वाढवूच नका, वर सांगितलेली साक्षीदाराची शांतता त्यातच मरते. काही अ‍ॅप शब्दांमधल्या रिकाम्या जागा आपोआप कापतात. वाचलेल्या लेखाला ते चालतं. साक्षीदार बोलत असेल तिथे ते बटण आठवणीने बंद करा.

ऐकताना हातांनी काय काम करावं?

मेथी निवडणं, मटार सोलणं, इस्त्री, घड्या घालणं. दोन जुड्या मेथीत चाळीस मिनिटांचा लेख बसतो. शब्दांचं काम मात्र नको, म्हणजे मेसेज वाचणं, फॉर्म भरणं, हिशेब. डोक्यातली भाषा एकाच वेळी दोन ठिकाणी लागत नाही. फोडणी देताना आणि रस्ता ओलांडताना इयरफोन काढा. स्टेशनवर फाटकातून जाताना तर काढाच.

नेट किती खर्च होतं?

साध्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगला, म्हणजे ६४ केबीपीएसला, तासाला सुमारे २९ एमबी. १२८ असेल तर दुप्पट. व्हिडिओच्या मानाने काहीच नाही. तरी घरच्या वायफायवर रात्री उतरवून ठेवा, लोकलमध्ये नेट नेमकं रहस्य उलगडताना जातं.

ऐकायला साठवून ठेवलेले लेख गायब झाले. परत मिळतील का?

अ‍ॅपच बंद झालं असेल तर बहुधा नाही. माझ्याही बाबतीत झालं. लेख साठवून ऐकवणारं ऑम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये गेलं. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्येच. पॉकेट तर २००७ पासूनचं, लेख साठवायचं आणि ऐकायचंही, ते ८ जुलै २०२५ला बंद झालं. आता मी लेखाचं नाव, लेखक, मासिक, महिना एका दोनशे पानी वहीत लिहिते. वही बंद पडत नाही. फक्त एकदा चहा सांडला.

ऐकलेलं एखादं वाक्य नंतर शोधायचं असेल तर?

त्या क्षणी स्क्रीनशॉट काढा, मिनिट-सेकंद त्यात येतं. आयफोनच्या पॉडकास्ट अ‍ॅपमध्ये २०२४ पासून बोलण्याचा लिखित मजकूर दिसतो. सुरुवात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशने झाली. लेख वाचलेला असेल तर मूळ लेख उघडणं सगळ्यात सोपं.

ऐकता ऐकता झोप लागते.

लागू द्या. झोपेचा टायमर लावा म्हणजे सकाळी शेवटाच्या पुढे जाऊन तिसराच लेख चालू असलेला सापडणार नाही.

तुमच्या बाबांसाठी केलेली रेकॉर्डिंग्ज आम्हाला मिळतील का?

परवानग्या नाहीत, त्यामुळे नाही. शिवाय ती काही सुबक नाहीत. दुष्काळाच्या लेखात, जो मी शेवटी स्वतःच वाचला, चौदाव्या मिनिटाला शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. मी ती जागा कापून पुन्हा वाचते म्हटलं, तर बाबांनी अडवलं. तिथे पोचले की ते म्हणतात, “डाळ शिजली. आता पुढे पाझर तलावाचं येतं.”